चौथा उशीर

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर धडधाकट बाईसुद्धा काही तासांत दगावते. तो आटोक्यात कसा आणायचा हे डॉक्टरांना कित्येक दशकं माहीत आहे. गर्भाशय आकसून यावं म्हणून इंजेक्शन, शिरेतून सलाइन, गरज पडली तर रक्त, त्यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. यातलं काहीच नव्याने शोधून काढायचं नाही. तरीही २०२० या एका वर्षात गरोदरपण आणि बाळंतपण यांच्याशी निगडित कारणांनी जगभरात अंदाजे २ लाख ८७ हजार बायका गेल्या. शंभरातल्या सुमारे सत्तर आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये अशा मृत्यूंची उकल तीन उशिरांत केली. पहिला उशीर घरातला: बाईला न्यायचं की नाही हे ठरायलाच वेळ जातो. दुसरा वाटेतला: गाडी नाही, रस्ता नाही, नदीला पूर आहे. तिसरा दारातला: पोचलो, पण डॉक्टर जागेवर नाही, रक्त नाही, किंवा आधी पैसे भरा मग बघू.

पहिल्या उशिराचं खापर बहुतेक वेळा अडाणीपणावर फुटतं. पण घरच्यांनी आधी कुणाला तरी त्याच दवाखान्यात नेलेलं असतं. तिथे ताटकळत बसावं लागलं, बोलणी खावी लागली, कर्ज झालं आणि माणूसही वाचला नाही, हे सगळं त्यांच्या लक्षात असतं. मग पुढच्या वेळी 'जरा थांबून बघू' असं म्हणत दुखणं अंगावर काढलं जातं. तिसरा उशीर जिथे रोजचा, तिथे पहिला वाढणारच. सरकारी अहवालात मात्र त्याची नोंद 'जागृतीचा अभाव' अशी होते.

या तिन्हींना मला एक चौथा जोडायचा आहे. शब्द माझा, गोष्ट जुनी. उपाय सापडल्यापासून तो गरिबाच्या हातात पडेपर्यंत जी वर्षं जातात, तो चौथा उशीर. जागतिक आरोग्यातली विषमता मोजायला निर्देशांक आणि तक्ते ढिगाने आहेत, पण ती वर्षांत मोजली की मला जास्त नीट कळते.

हेपटायटिस बीची लस घ्या. यकृताच्या कर्करोगामागचं एक मोठं कारण थोपवणारी ही लस अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झाली. या विषाणूचा जोर सगळ्यात जास्त होता आफ्रिकेत आणि आशियात. तिथल्या गरीब देशांतल्या नेहमीच्या लसीकरणात ती मोठ्या प्रमाणावर आली २००० नंतर, 'गावी' ही लसींसाठी पैसा उभा करणारी जागतिक संस्था सुरू झाल्यावर. मधली वीस वर्षं कुठे गेली? ती अजून चालूच आहेत म्हणा. जन्माच्या वेळी लागलेला हा विषाणू यकृत पोखरायला तीस-चाळीस वर्षं घेतो. लस असूनही न मिळालेल्या त्या पिढीतल्या काहींचं यकृत आज, ऐन चाळिशीत, निकामी होतंय.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण 'आरोग्यातली समता' म्हटलं की अनेकांना सगळ्यांची तब्येत सारखी असावी असं काहीतरी वाटतं. म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त दुखणी असतात. तो फरक आहे, अन्याय नाही. ब्रिटनमधल्या मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास जी व्याख्या केली ती आजही कामाची आहे. जो फरक टाळता आला असता, ज्याची गरज नव्हती आणि जो अन्यायाचा आहे, तेवढ्यालाच विषमता म्हणायचं. (समता समजावून सांगताना कुंपणापलीकडचा सामना बघण्यासाठी खोक्यांवर उभ्या राहिलेल्या तीन मुलांचं चित्र सगळीकडे वापरतात. मला ते कधीच पटलं नाही. त्यात खोकी फुकट मिळतात आणि कुंपण कुणी घातलं हे कुणी विचारत नाही.)

कुंपण कुणी घातलं हे एड्सच्या औषधांच्या बाबतीत जितकं उघड दिसलं तितकं क्वचितच दिसतं, म्हणून तिथे जरा थांबू.

१९९६ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या परिषदेत डॉक्टरांनी सांगितलं की तीन औषधं एकत्र दिली तर एचआयव्ही दबून राहतो. श्रीमंत देशांत अंथरुणाला खिळलेली माणसं उठून पुन्हा कामावर जाऊ लागली. खर्च माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. हा आकडा गोळी बनवण्याच्या खर्चातून आलेला नव्हता. तो आला होता पेटंटमधून.

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने दिलेली ठरावीक मुदतीची मक्तेदारी, साधारण वीस वर्षांची. तेवढ्या काळात ते औषध दुसऱ्या कुणी बनवायचं नाही, त्यामुळे भाव एकटा मालक ठरवतो. यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. नवं औषध शोधायला अफाट पैसा लागतो, बहुतेक प्रयत्न फसतात, आणि कमाईची आशाच नसेल तर एवढा पैसा कोण घालणार? घोडं अडतं ते भाव ठरताना. तो ठरवताना नजर असते श्रीमंत देशातल्या विमा उतरवलेल्या माणसाच्या खिशावर, आणि तोच भाव मग सगळ्या जगाला लागू होतो. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तिच्या ट्रिप्स कराराने ही वीस वर्षांची मक्तेदारी सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक केली. गरीब देशांना फक्त तयारीसाठी थोडी मुदत दिली.

भारताचा कायदा तोवर वेगळा होता. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाला पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवलं तर चालायचं. ही मुभा २००५ पर्यंत टिकली, आणि तिच्याच जोरावर फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की तिन्ही औषधं मिळून आम्ही 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत. दहा हजारांवरून साडेतीनशे! ज्यांनी तोवर 'यापेक्षा कमी भावात परवडतच नाही' असं ऐकून घेतलं होतं, त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

त्याच दिवसांत प्रिटोरियाच्या कोर्टात ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध उभ्या होत्या. स्वस्त औषधं आणण्याची वाट मोकळी करणारा १९९७ चा कायदा त्यांना रद्द करून हवा होता. 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन'चे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते. त्यांचे नेते झॅकी अकमत स्वतः एचआयव्हीबाधित होते आणि सरकारी दवाखान्यात सगळ्यांना औषध मिळेपर्यंत आपणही घ्यायचं नाही असं ठरवून बसले होते. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जमलेल्या व्यापारमंत्र्यांनी मान्य केलं की ट्रिप्स करार लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नये, आणि गरज पडली तर सरकार पेटंटधारकाच्या संमतीशिवायही औषध बनवण्याचा परवाना देऊ शकतं. २००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरिया यांच्याशी लढायला गरीब देशांना पैसा पुरवणारा ग्लोबल फंड सुरू झाला, २००३ मध्ये परदेशांतल्या एड्सच्या उपचारांना पैसा देणारा अमेरिकेचा पेपफार कार्यक्रम.

भाव खाली आला तरी एक आडकाठी उरली होती, आणि ती मला सगळ्यात बोलकी वाटते. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे तेव्हाचे प्रमुख २००१ मध्ये म्हणाले की आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांनी घड्याळच पाहिलेलं नाही, ते औषधं वेळेवर कशी घेणार? पाच वर्षांनी अभ्यासकांनी दोन्ही खंडांतले अभ्यास एकत्र केले. औषधं व्यवस्थित घेणाऱ्यांचं प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के निघालं, उत्तर अमेरिकेत ५५.

सगळा दोष बाहेरच्यांचाच होता असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी एचआयव्हीमुळेच एड्स होतो का याबद्दलच शंका घेतली आणि औषधं मिळू शकत असताना वाटप लांबवलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला तेव्हा या दिरंगाईने गेलेले जीव ३ लाख ३० हजारांच्या वर भरले. लोकांनी लढून मिळवलेला स्वस्त भाव त्यांच्याच सरकारने वाया घालवला.

आज एचआयव्हीचा वर्षभराचा उपचार गरीब देशांना ४५ डॉलरच्या आत पडतो आणि जगात सुमारे तीन कोटी माणसं तो घेताहेत.

आता उलटं उदाहरण. इथे पेटंटची अडचण नव्हती, गिऱ्हाइकच नव्हतं.

आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्याने होणारा निद्रारोग उपचार न केल्यास बहुधा जीवच घेतो. मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगावर कित्येक वर्षं जे औषध दिलं जाई ते आर्सेनिकपासून, म्हणजे सोमलापासून, बनलेलं होतं; ते टोचल्यावर शंभरातले सुमारे पाच रोगी औषधानेच मरत. मग कर्करोगासाठी शोधलेलं एफ्लोर्निथिन हे औषध या रोगावर चालतं असं दिसून आलं. कोमात गेलेली माणसं उठून बसत, म्हणून त्याला 'संजीवनी' म्हणावं तसं नाव पडलं. पण रोगी होते खेड्यापाड्यांतले निर्धन लोक. नफा नाही म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यात उत्पादन थांबलं. पुढे २००० साली तेच रसायन बाजारात परत आलं, बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करण्याच्या मलमात. त्यावरून बरीच टीका झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी रेटा लावला, आणि २००१ मध्ये रोग्यांसाठीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं.

मलमाची गोष्ट वाचून चीड येते खरी, पण त्यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. बाजाराला गरज दिसत नाही, मागणी दिसते, आणि मागणी म्हणजे पैसे हातात असलेली गरज. म्हणून अशा रोगांसाठी बाजाराबाहेरची व्यवस्था लागते. दुर्लक्षित रोगांवर औषधं शोधण्यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएनडीआय या संस्थेने जुन्या, अर्धवट सोडलेल्या रसायनांची छाननी करताना फेक्सिनिडाझोल हुडकून काढलं. २०१८ मध्ये निद्रारोगावर दहा दिवस घ्यायच्या साध्या गोळ्या हाती आल्या. १९९८ मध्ये या रोगाचे जवळपास ४० हजार रोगी नोंदले गेले होते. २०१८ मध्ये हजारसुद्धा नव्हते. हे श्रेय मुख्यतः गावोगाव जाऊन रक्त तपासणाऱ्या पथकांचं आहे, आणि रोग्याला बरं करू शकणारं औषध त्यांच्यापाशी होतं म्हणूनच त्या तपासणीला अर्थ होता.

लसींसाठी दुसरी युक्ती निघाली: आगाऊ खरेदीचं वचन. न्यूमोनियाची लस २००० मध्ये अमेरिकेत आली. काही देशांनी आणि गेट्स फाउंडेशनने २००९ मध्ये दीड अब्ज डॉलर बाजूला ठेवले आणि कंपन्यांना सांगितलं, गरीब देशांसाठी ठरलेल्या भावात लस बनवा, माल पडून राहणार नाही. श्रीमंत देशांतल्या बाळांनंतर दहाएक वर्षांत ती गरीब देशांत पोचली. या व्यवहारात कंपन्यांना जास्तच पैसे गेले अशी टीका होते, आणि तिच्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पण हेपटायटिस बीच्या वीस वर्षांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

औषध निघालं, भाव उतरला, गोदामात आलं. आता शेवटची पायरी, दवाखान्याची खिडकी. १९८० च्या दशकात कर्जात बुडालेल्या देशांना जागतिक बँकेने सल्ला दिला की रोग्यांकडून थोडी फी घ्या. लोक फुकटच्या वस्तूची कदर करत नाहीत, पैसे मोजले की नीट वापरतात, असाही एक तर्क त्याला जोडला गेला. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. केनियात तो तपासून पाहिला गेला. गरोदर बायकांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या काही दवाखान्यांत फुकट दिल्या, काहींत वेगवेगळ्या भावांना. किंमत शून्यावरून ६० सेंटवर गेली तेव्हा घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं, म्हणजे शंभरातल्या आणखी साठ बायका रिकाम्या हाताने परतल्या. पैसे मोजणाऱ्या बायका मच्छरदाणी जास्त वापरत होत्या का? अजिबात नाही. फुकट मिळालेल्यांनीही ती तितकीच लावली होती. शाळेतल्या जंताच्या गोळ्यांचंही तेच: किरकोळ फी लावताच गोळ्या घेणारी मुलं ७५ टक्क्यांवरून विशीच्या आत आली.

मग फी काढून टाकली की झालं? युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द केली. गर्दी लगेच वाढली, विशेषतः गरिबांची. पण काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा दिसलं की अगदी गरीब घरांवरचा मोठ्या खर्चाचा बोजा काही कमी झालेला नाही. दवाखान्यातली औषधं संपायची आणि लोक ती बाहेरून विकत आणायचे. फीच्या जागी सरकारने पुरेसा पैसा घातला नाही, तर फुकट ही फक्त पाटीवरची गोष्ट राहते.

एवढं वाचून कुणी म्हणेल की मूळ दुखणं गरिबी आहे, देश श्रीमंत झाला की आरोग्य आपोआप सुधारेल. अर्धं खरं आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवलं की देशाचं उत्पन्न आणि आयुर्मान यांचा संबंध आहे, पण १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत वाढलेल्या आयुर्मानाचा फार तर पाव हिस्सा उत्पन्नातल्या वाढीच्या पदरात टाकता येतो. बाकीचं लसी, स्वच्छ पाणी, बायकांचं शिक्षण, रोगांची माहिती यांचं.

कोस्टारिका बघा. १९४८ मध्ये या देशाने सैन्यच बरखास्त केलं. नव्वदच्या दशकात देशाचे लहान लहान भाग पाडून दर चार-पाच हजार माणसांमागे एक पथक नेमलं: एक डॉक्टर, एक नर्स, नोंदी ठेवणारा एक जण, आणि घरोघर फिरणारा एक आरोग्य कर्मचारी. हा कर्मचारी आजारी माणसाची वाट बघत बसत नाही. घरात कोण गरोदर आहे, कुणाचा रक्तदाब वाढलाय, कुणाची लस राहिलीय याची यादी घेऊन दार ठोठावतो. डॉलरमध्ये मोजलं तर माणशी आरोग्यखर्च अमेरिकेच्या एक दशांशही नाही, आणि कोस्टारिकातला माणूस सरासरीने अमेरिकी माणसापेक्षा जास्त जगतो. सुरुवातीचे तीन उशीर आठवतात? दारापर्यंत चालत येणाऱ्या माणसाने पहिले दोन बऱ्यापैकी कापून टाकले.

पण त्या माणसाचा पगार कुठून येणार? २००१ मध्ये आफ्रिकी देशांनी अबुजाला ठरवलं होतं की अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यावर घालायचे. मोजके देश तिथवर पोचले, तेही काही वर्षांपुरते. हयगय आहेच, शिवाय व्याज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ मधल्या हिशेबानुसार जगातली ३३० कोटी माणसं अशा देशांत राहतात जिथे सरकार आरोग्यापेक्षा किंवा शिक्षणापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त खर्च करतं. परदेशी मदत ही दात्याच्या मर्जीवर चालते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकदम रोखली, जुलैत तिचं मदत खातंच बंद झालं, आणि वर्षानुवर्षं त्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांना कुलपं लागली. ज्या देशांनी नर्सचा पगार दुसऱ्याच्या अंदाजपत्रकातून भागवला होता, त्यांना ही गोष्ट एका आठवड्यात कळली.

याच सगळ्या पडझडीत चौथ्या उशिराचं एक नवं मोजमाप सुरू आहे. लेनाकापाविर हे एचआयव्हीची लागणच होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ मुली आणि तरुण बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही; हा निकाल २०२४ मध्ये आला. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. या वेळी मात्र जेनेरिक बनवण्याचे परवाने मंजुरीच्याही आधी दिले गेले, १२० गरीब देशांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ पासून हे इंजेक्शन तिथे वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळेल. नोव्हेंबरमध्ये पहिले डोस झांबिया आणि एस्वातिनीत उतरले. अमेरिकेतल्या मंजुरीनंतर पाच महिन्यांत! १९९६ शी तुलना केली तर विश्वास बसत नाही.

फक्त त्या १२० देशांच्या यादीत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू नाहीत. कागदोपत्री हे देश मध्यम उत्पन्नाचे, म्हणून ते वगळले गेले. याच औषधाची दुसरी मोठी चाचणी या चारही देशांत झाली होती, तिथल्या लोकांच्या अंगावर.